शीटवरची रेघ, पुस्तकातली रेघ

फर्स्ट इयरला आपण सगळेच ड्रॉइंग शीटवर वाकलेलो असतो. मिनी ड्राफ्टर, टू-एच पेन्सिल, चारी बाजूंनी बॉर्डर, कोपऱ्यात टायटल ब्लॉक. सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली बल्ब लावून 'जीटी' मारणारे महाभागही प्रत्येक हॉस्टेलवर असतात (नावं सांगत नाही, घाबरू नका!). त्या शीटवर रेघ बरोबर असते किंवा चूक. ती चांगली असते का, हे कुणी विचारत नाही.

मी लातूरचा. शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेला 'ए' ग्रेड मिळाली होती. पण अकरावी आली, ट्यूशन सुरू झाल्या आणि रंगपेटी माळ्यावर गेली. "चित्रं काढून पोट भरत नाही," एवढं एकच वाक्य घरी झालं. भांडण वगैरे काही नाही. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं.

पुढे इथे नांदेडला आल्यावर एकदा परीक्षेच्या टेन्शनमध्ये पु.लं.चं पुस्तक चाळत होतो. मजकूर वाचलेलाच होता, म्हणून चित्रं बघत बसलो. वसंत सरवटे यांची. चार रेघांत माणूस उभा! खांदा किती उतरलाय त्यावरून त्याचा पगार कळावा, अशी चित्रं. नाव लक्षात ठेवून शोध घेतला तेव्हा कळलं की सरवटे (१९२७-२०१६) हे सिव्हिल इंजिनिअर. एसीसी या सिमेंट कंपनीत त्यांनी नोकरी केली आणि ती सांभाळून आयुष्यभर चित्रं काढली. 'ललित' मासिकाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं वर्षानुवर्षं त्यांचीच. जयवंत दळवींच्या 'ठणठणपाळ'ला चेहरामोहरा दिला तोही त्यांनीच. मी त्या रात्री नीट झोपलो नाही.

आता जरा आपल्या भाषेत बोलू. या जुन्या चित्रकारांची रेघ इतकी ठाम का? याचं एक कारण चक्क मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेस आहे. ऑफसेट येण्याआधी मासिकं खिळ्यांच्या छपाईवर निघत. चित्र छापायचं तर त्याचा 'ब्लॉक' करावा लागे. चित्राची निगेटिव्ह घ्यायची, जस्ताच्या पत्र्यावर प्रकाशाला संवेदनशील थर देऊन त्यावर ती उतरवायची आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. रेघ सोडून बाकीचा भाग ॲसिड खाऊन टाकतं, रेघ उंच उरते आणि तिलाच शाई लागते. म्हणजे या लाइन ब्लॉकमध्ये करडा रंग नाहीच, एक तर काळं नाही तर पांढरं. सावली दाखवायची तर बारीक रेघा जवळजवळ मारायच्या, नाहीतर ठिपके द्यायचे. हाफटोनचा ब्लॉक निघायचा, पण त्याला चांगला गुळगुळीत कागद लागे. साध्या कागदावर पुसट रेघेची सोयच नव्हती. मर्यादेतून शैली तयार झाली ती अशी.

दुसरा धक्का घरचाच होता. सरवट्यांवरच्या 'रेषालेखक वसंत सरवटे' या पुस्तकाच्या संपादनात मधुकर धर्मापुरीकर यांचं नाव आहे, आणि ते आपल्या नांदेडचे! कथाकार, व्यंगचित्रांचे संग्राहक आणि अभ्यासक. आर. के. नारायण यांचं 'मालगुडी डेज' मराठीत आणलं ते त्यांनीच. मुंबई-पुण्यात राहिल्याशिवाय या गोष्टी कळत नाहीत, हा माझा समज तिथेच गळून पडला.

मग सवयच लागली. पुस्तक हातात आलं की आधी आतलं बारीक अक्षरातलं पान बघायचं: 'मुखपृष्ठ व आतील चित्रे'. नाव वहीत लिहायचं. पुण्याचे चंद्रमोहन कुलकर्णी असे सापडले. त्यांचा हात एकदा ओळखीचा झाला की दुकानात लांबूनही मुखपृष्ठ ओळखू येतं. माधुरी पुरंदरे मुलांसाठी लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यांच्या चित्रांतलं स्वयंपाकघर हे खरं स्वयंपाकघर असतं, पसाऱ्यासकट. लहान मुलांचं पुस्तक म्हणून आमच्या रूमवर हसले सगळे, पण मेसला जायची वेळ झाली तरी कुणी ते खाली ठेवेना.

सर्वांत जास्त काळ रूममध्ये फिरलं ते 'भीमायन' (२०११). बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं हे चित्रपुस्तक दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी काढलंय. कॉमिक्ससारख्या चौकटी त्यात नाहीत. पान विभागलं जातं ते 'डिग्ना' या त्यांच्या भिंतीवरच्या पारंपरिक नक्षीने. साध्या, भल्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं, आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. माझ्या रूममेटने ती नांगी दाखवून एवढंच म्हटलं, "हे आपल्या गावात रोज ऐकलंय बे." मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

आणि ज्यांना वाटतं की ड्राफ्टरने कला होत नाही, त्यांनी नसरीन मोहमदी (१९३७-१९९०) यांची रेखाटनं बघावीत. बडोद्याला शिकवत होत्या. कागद, पेन्सिल, शाई आणि आपलीच ड्रॉइंगची उपकरणं. नुसत्या तिरप्या, समांतर रेघा. त्यांत ना माणूस ना झाड, तरी समुद्राची आठवण होते. शेवटच्या वर्षांत आजाराने शरीरावरचा ताबा सुटत चालला होता, रेघ मात्र हलली नाही. झरीना (१९३७-२०२०) गणिताच्या पदवीधर. घराचा प्लॅन लाकडात कोरून त्यांनी कागदावर छापला आणि त्यातून सुटलेलं घर दाखवलं. प्लॅन आपणही काढतो की!

एक मात्र आहे. छापलेलं चित्र आणि मूळ कागद यांत फार फरक असतो. शाई कुठे दाटली, कागद कुठे खरवडला, हे छपाईत मरतं. म्हणून कधी मुंबईला इंटरव्ह्यूला गेलात तर जहांगीरमध्ये अर्धा तास काढा. तिकीट नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सरवट्यांचं पुस्तक घरी नेलं होतं. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, दोन-तीनदा हसलेही.

"हे सिमेंट कंपनीत होते म्हणतोस?"

"हो. शेवटपर्यंत."

"मग आधी बॅकलॉग काढ," ते म्हणाले. आणि आईला म्हणाले, "याची ती रंगपेटी माळ्यावर कुठं ठेवलीय बघ बरं."

रंग वाळून दगड झाले होते. पेन्सिली चांगल्या निघाल्या.