मोबाइल अ‍ॅपमधील स्वनिर्मित घटक : रचना, कार्य आणि जबाबदारी

महत्त्वाच्या संज्ञा : यूजर इंटरफेस, स्वनिर्मित घटक, मोजमाप, रेखाटन, स्पर्श, देवनागरी मजकूर, सुगम्यता

प्रस्तावना :

मोबाइलच्या पडद्यावर दिसणारे बटण, मजकूर लिहिण्याची चौकट, यादी, सरकपट्टी यांना यूजर इंटरफेसचे घटक असे म्हटले जाते. २००७ मध्ये आयफोन आणि २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. या दोन्ही प्रणालींनी प्रोग्रामरला असे तयार घटक उपलब्ध करून दिले असून बहुतेक अ‍ॅपची गरज त्यांतून भागते. काही प्रसंगी मात्र विषयाची गरज तयार घटकाच्या चौकटीत बसत नाही. अशा वेळी प्रोग्रामर जो घटक स्वतः घडवतो, त्यास स्वनिर्मित घटक म्हणता येईल.

स्वनिर्मित घटक घडवणे म्हणजे मुख्यतः पडद्यावर आकृती काढणे, असा समज विद्यार्थ्यांमध्ये सर्वसाधारणपणे आढळतो. हा समज अपुरा आहे. तयार घटक दिसण्यापलीकडची अनेक कामे मूकपणे करत असतो. तो स्वतःचे आकारमान ठरवतो, स्पर्शाचा अर्थ लावतो, पडदा आडवा केल्यावर आपली स्थिती जपतो आणि दृष्टिहीन व्यक्तीला आपली ओळख सांगतो. तयार घटक बाजूला सारताच ही सर्व कामे प्रोग्रामरच्या माथी येतात. त्यांपैकी जे काम राहून जाते, त्याची झळ प्रोग्रामरला नव्हे तर वापरकर्त्याला बसते. प्रस्तुत लेखात या कामांचा क्रमाने परिचय करून दिला आहे. विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेतले आहे : शेतातील पंप किती मिनिटे चालवायचा हे ठरवणारी वर्तुळाकार तबकडी. तिच्यावर ० ते ६० मिनिटे असून बोट फिरवून वेळ निवडावयाची आहे.

१. स्वनिर्मितीच्या पायऱ्या :

स्वनिर्मितीच्या स्थूलमानाने चार पायऱ्या सांगता येतात. पहिल्या पायरीवर तयार घटकाचा केवळ रंग, आकार व ठसा बदलला जातो. दुसऱ्या पायरीवर दोन-तीन तयार घटक एकत्र जोडून एक संयुक्त घटक केला जातो. उदाहरणार्थ, अधिक व उणे ही दोन बटणे आणि त्यांच्यामध्ये मिनिटांचा आकडा. तिसऱ्या पायरीवर तयार घटकाचा वारसा घेऊन त्याच्या वागणुकीत भर घातली जाते. चौथ्या पायरीवर कोऱ्या कॅनव्हासवर सर्व काही नव्याने उभारले जाते.

जसजशी पायरी वर जाते तसतसे स्वातंत्र्य वाढते आणि त्याच प्रमाणात जबाबदारीही वाढते. म्हणून ज्या खालच्या पायरीवर गरज भागते, तेथेच थांबणे हे चांगल्या रचनेचे पहिले सूत्र होय. पंपाची तबकडी चौथ्या पायरीवर मोडते. ती करण्यापूर्वी दुसऱ्या पायरीवरील साध्या बटणांनी काम भागणार नाही ना, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

२. मोजमाप, मांडणी आणि रेखाटन :

अँड्रॉइडच्या मूळ रचनेत प्रत्येक घटक ‘व्ह्यू’ या वर्गापासून तयार होतो आणि तो तीन टप्प्यांतून पडद्यावर येतो. मोजमापाच्या टप्प्यात पालक घटक आपल्या अपत्याला जागेविषयी अट घालतो. ही अट तीन प्रकारची असते : नेमकी एवढीच जागा, जास्तीत जास्त एवढी जागा, किंवा कोणतीही मर्यादा नाही. अपत्याने आपले आकारमान कळवल्यानंतर मांडणीच्या टप्प्यात त्याचे स्थान निश्चित होते आणि रेखाटनाच्या टप्प्यात ते प्रत्यक्ष रंगवले जाते.

नवशिक्या प्रोग्रामरकडून मोजमापाचा टप्पा हमखास वगळला जातो. तसे झाल्यास, ‘आशयापुरती जागा घ्यावी’ अशी सूचना देऊनही घटक मिळालेली सर्व जागा व्यापतो, कारण व्ह्यू वर्गाची मूळ वागणूकच तशी आहे. तबकडीखाली ठेवलेले ‘सुरू करा’ हे बटण त्यामुळे पडद्याबाहेर ढकलले जाऊ शकते.

रेखाटनाला वेळेचे बंधन असते. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १२० वेळा होत असेल तर सुमारे ८.३ मिलिसेकंदच मिळतात. रेखाटनाच्या कार्यात प्रत्येक वेळी नवे रंगसाहित्य व नव्या वस्तू निर्माण केल्यास स्मृतीवर भार पडतो आणि हालचाल अडखळते. म्हणून हे साहित्य एकदाच तयार करून ठेवावे. तसेच केवळ रूप बदलले असेल तर पुनर्रेखाटनाची, आणि आकारमान बदलले असेल तरच पुनर्मोजमापाची मागणी करावी.

३. स्पर्शाचे गणित :

बोट जेथे टेकते तो बिंदू प्रणालीकडून मिळतो. त्याचे तबकडीच्या केंद्रापासूनचे अंतर आडव्या व उभ्या दिशेत काढून त्रिकोणमितीच्या साहाय्याने कोन मिळवता येतो. अँड्रॉइडमध्ये कंसाचा शून्य अंश घड्याळातील ३ च्या जागी असतो. म्हणून १२ च्या जागेपासून मोजण्यासाठी ९० अंशांचा फरक लक्षात घ्यावा लागतो. ६० मिनिटे ३६० अंशांत विभागली असता एका मिनिटाला ६ अंश येतात.

येथे दोन अडचणी संभवतात. पहिली अडचण सीमारेषेची आहे. ० आणि ६० ही दोन्ही मूल्ये एकाच बिंदूवर येतात. बोट ५९ वरून किंचित पुढे सरकले तर मूल्य एकदम ० होऊ शकते आणि ० वरून किंचित मागे सरकले तर ५९ होऊ शकते. तासभर पाणी द्यावयाचे असताना पंप सुरूच न होणे, किंवा बंद ठेवावयाचा असताना तासभर चालणे, ही साधी चूक नव्हे. म्हणून मागील कोनाशी तुलना करून अशी उडी अडवली पाहिजे.

दुसरी अडचण बोटाच्या जाडीची आहे. अँड्रॉइडसाठी स्पर्शक्षेत्र किमान ४८ डीपी असावे, अशी गूगलची शिफारस आहे. डीपी हे पडद्याच्या घनतेवर अवलंबून नसलेले एकक असून ते साधारणतः एका इंचाचा १६० वा भाग असते. तबकडीची त्रिज्या ८० डीपी धरली तर परीघ सुमारे ५०३ डीपी होतो आणि एका मिनिटाच्या वाट्याला ८.४ डीपी एवढीच जागा येते. एवढ्या जागेत नेमके मिनिट पकडणे ओल्या किंवा मातीने माखलेल्या बोटाला कठीण आहे. त्याऐवजी पाच-पाच मिनिटांचे टप्पे ठेवून त्रिज्या ९२ डीपी केली तर प्रत्येक टप्प्याला सुमारे ४८ डीपी मिळतात. एकेक मिनिट बदलण्यासाठी अधिक व उणे ही बटणे सोबत देता येतात.

४. स्थितीचे जतन :

फोन आडवा धरला असता अँड्रॉइड सर्वसाधारणपणे संपूर्ण पडदा मोडून नव्याने उभारते. तयार घटक आपले मूल्य त्यापूर्वी जपून ठेवतात. स्वनिर्मित घटकाला हे काम स्वतः करावे लागते. शिवाय घटकाला ओळखक्रमांक दिलेला नसेल तर जपलेले मूल्य परत मिळत नाही. निवडलेली ४५ मिनिटे फोन फिरवताच ० झाली, तर त्या अ‍ॅपवरचा शेतकऱ्याचा विश्वास उडणे स्वाभाविक आहे.

५. देवनागरी मजकुराचा प्रश्न :

तबकडीवर मराठी मजकूर लिहावयाचा असेल तर आणखी एक दक्षता आवश्यक ठरते. देवनागरीत साठवणुकीचा क्रम आणि दिसण्याचा क्रम नेहमी एक नसतो. ‘मि’ या अक्षरात म आधी व ऱ्हस्व वेलांटी नंतर साठवली जाते. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसते. ‘त्री’ हे अक्षर त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा चार संकेतांनी बनते. वर्तुळाच्या कडेने मजकूर वळवण्यासाठी एकेक संकेत सुटा रंगवला तर जोडाक्षरे फुटतात आणि सुट्या मात्रांखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. म्हणून संपूर्ण शब्द प्रणालीच्या मजकूर-रचनेकडे सोपवावा. अक्षरांमधील अंतर वाढवल्यास शिरोरेखा तुटते, हेही ध्यानात ठेवावे. शिरोरेखेवरील रफार व वेलांटी आणि पायाखालील उकार यांसाठी वर-खाली पुरेशी जागा सोडावी.

मराठी भाषा निवडलेली असताना संख्या देवनागरी अंकांत दाखवणे योग्यच आहे. तथापि घटकाच्या अंतर्गत मूल्य संख्या म्हणूनच ठेवावे. पडद्यावरील अंक मजकूर म्हणून पंपाच्या नियंत्रकाकडे पाठवले तर ते त्याला उमगतीलच असे नाही.

६. सुगम्यता :

कॅनव्हासवर काढलेली तबकडी डोळस व्यक्तीला तबकडी दिसते. टॉकबॅकसारख्या पडदावाचकाला मात्र ती केवळ कोरी जागा असते. घटकाचे नाव, त्याचा प्रकार, सध्याचे मूल्य, किमान व कमाल मर्यादा आणि मूल्य कमी-अधिक करण्याची क्रिया ही माहिती प्रोग्रामरने वेगळी पुरवल्यासच ‘पंपाची वेळ, ४५ मिनिटे’ असे ऐकू येते. आयफोनवरील व्हॉइसओव्हरसाठीही अशीच तरतूद करावी लागते. यासोबतच रंगभेदाचाही विचार हवा. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांतील तफावत किमान ४.५ : १ असावी लागते.

हा प्रश्न केवळ सौजन्याचा राहिलेला नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीविषयीच्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. अ‍ॅसिडहल्ल्यातील पीडित व दृष्टिहीन व्यक्तींनी हा प्रश्न न्यायालयापुढे मांडला होता. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, ही पडद्यावरील अट त्यांना पूर्ण करता येत नव्हती. एका घटकाच्या रचनेत धरलेले गृहीतक एखाद्या नागरिकाला सेवेबाहेर ठेवू शकते, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

७. नवी साधने :

फ्लटर १.० (२०१८), स्विफ्टयूआय (२०१९) आणि जेटपॅक कंपोज १.० (२०२१) या साधनांमुळे घटक लिहिणे पुष्कळ सुलभ झाले आहे. कंपोजमध्ये एका फेरीत अपत्याचे मोजमाप एकदाच करण्याचा दंडक असल्याने मांडणीचा वेळही वाचतो. परंतु कंपोजच्या कॅनव्हासवर काढलेल्या आकृतीचा अर्थ तेथेही आपोआप कळत नाही. तो स्वतंत्रपणे सांगावाच लागतो. साधन बदलले तरी वर सांगितलेल्या कामांची यादी बदलत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, स्वनिर्मित घटकात रेखाटन हा सर्वांत ठळक, परंतु सर्वांत लहान भाग असतो. मोजमाप, स्पर्श, स्थिती, लिपी आणि सुगम्यता या पाच कसोट्यांवर उतरल्याखेरीज घटक पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही. महाविद्यालयीन प्रकल्पांचे मूल्यमापन करताना पडदा किती आकर्षक दिसतो एवढ्यावर न थांबता फोन आडवा करून, अक्षरे मोठी करून, भाषा मराठी करून आणि डोळे मिटून पडदावाचकाच्या आधारे तो घटक वापरून पाहावा. या चार चाचण्यांना कोणतेही खर्चिक साहित्य लागत नाही, आणि त्यांतून विद्यार्थ्याला आपला घटक कोणासाठी अपुरा आहे हे नेमके कळते.