काळा बिब्बा, गोड गोडंबी

ठरत आलेली सोयरीक कुणाच्या तरी एका वाक्याने मोडली, की आपल्याकडे म्हणतात, ‘घातलाच शेवटी बिब्बा!’ चांगल्या कामात विघ्न आणणाऱ्याची आठवण झाली, की मराठी माणसाला हे फळ आठवते. पण त्याच घरातल्या लेकीचे बाळंतपण जवळ आले, की आई डिंकाच्या लाडवांसाठी बाजारात गोडंबी शोधत फिरते. गोडंबी म्हणजे त्या बदनाम बिब्ब्याचेच बी! हे नाते मला नीट कळले ते किनवटला.

मराठवाडा म्हटले की काळी जमीन आणि उघडे माळ डोळ्यांपुढे येतात. किनवट त्याला अपवाद. निजामी अमदानीत आदिलाबाद जिल्ह्यात असलेला हा तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेडला जोडला गेला. पैनगंगेच्या खोऱ्यातले हे सागाचे रान. गोंड, कोलाम, आंध, प्रधान आणि बंजारा यांच्या वस्त्या त्याच्या कडेकडेने. सागाचा बोलबाला सर्वत्र आहे. त्याच सागात मोह, चारोळी, तेंदू यांच्या संगतीने बिब्बाही उभा असतो; त्याचे नाव मात्र कुणी कौतुकाने घेत नाही.

पहिल्या भेटीत मी एक फळ तोडून नखाने सोलले. सोबतच्या म्हाताऱ्या वाटाड्याने कपाळाला हात लावला. ‘‘अवो मास्तर, ह्या झाडापुढं हात जोडावं, हात लावू नये!’’ दुसऱ्या दिवशी बोटांवर फोड आले, पापण्या सुजल्या. बिब्बा उतला होता. चार दिवस खोबरेल तेल चोळत बसलो आणि तेव्हापासून या झाडाकडे आदराने पाहू लागलो.

झाड मध्यम उंचीचे, पाने हातभर लांब, चामड्यासारखी जाड, फांद्यांच्या टोकाला गुच्छाने आलेली. हिवाळ्यात फळे पिकतात. केशरी, गरदार देठावर चकचकीत काळे, थोडे बदामाच्या घाटाचे फळ. त्याच्या जाड टरफलात जो चीक असतो तो हवा लागताच काळा पडतो आणि कातडीला भाजून काढतो. आंबा, काजू, चारोळी ही याची भावंडे. अमेरिकेतली अंगाला खाज आणणारी कुप्रसिद्ध विषवेलही याच कुळातली. तिकडच्या काळ्या अक्रोडाची हिरवी सालही बोटे अशीच काळी करते. पण तो डाग नुसता रंगाचा. बिब्बा रंगवतो आणि पोळतोही.

या डागाचाच माणसाने उपयोग केला. बिब्ब्याच्या चिकाला चुन्याची जोड देऊन धोब्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कपड्यांवर खुणा केल्या. शास्त्रीय नावातही ‘खुणेचे फळ’ हाच अर्थ आहे. संस्कृतात तो भल्लातक. चरकसंहितेने त्याला रसायनांत स्थान दिले, मात्र वैद्य तो शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. घरच्या घरी प्रयोग करू नये, हे माझ्या पापण्यांच्या अनुभवावरून सांगतो! खेड्यात काटा रुतला की तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देत, आणि दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरचीच्या जोडीला दारात आजही बिब्बा लटकतो.

खाण्याची बाजू तर फारच गोड. केशरी देठ वाळवून ‘बिब्ब्याची फुले’ म्हणून विकतात. टरफलाच्या आतली गोडंबी पांढरी, मऊ, बदामाच्या चवीची. शेजारच्या कन्नड मुलखात काजूलाच गोडंबी म्हणतात. ब्राझीलहून पोर्तुगीजांबरोबर आलेल्या पाहुण्याला तिथे आपल्या रानातल्या बीचे नाव मिळाले, असेच म्हणायला हवे.

पण बिब्ब्यातून गोडंबी काढायची कोणी? एका अंगणात एक बाई दगडावर बिब्बे ठेवून फोडत बसली होती. हातांना राख फासलेली, तोंडावर पदर. चीक उडू नये म्हणून घाव बेताने घालायचा, पण बी अख्खी निघाली पाहिजे. तुकड्याला भाव कमी. तिची बोटे काळी पडून सोलली होती. ‘‘दुखत नाही का हो मावशी?’’ असे विचारले, तर म्हणाली, ‘‘दुखतं की. पण हिवाळ्यात दुसरं काम कुठंय?’’ गावात लग्नाला जायचे, तर हात पदराखाली लपवावे लागतात, असेही तिने हसत सांगितले. ते हसणे मला अजून विसरता आलेले नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला. त्या कागदाला जोड हवी हातमोज्यांची, साध्या फोडणी-यंत्राची आणि गावानेच एकत्र येऊन गोडंबी विकण्याची. कच्चा बिब्बा विकण्यापेक्षा गोडंबी विकण्यात मिळकत जास्त, पण आज त्या जास्तीच्या पैशांची किंमत बोटांनी चुकवावी लागते.

यंदा लाडू वळताना मूठभर गोडंबी हातात घ्याल, तेव्हा क्षणभर थांबा. ती तुमच्यापर्यंत पांढरीशुभ्र आली, कारण कुणाचे तरी हात काळे झाले. आणि उद्या कुणी चांगल्या कामात मोडता घातला, तर त्याला दुसरे काहीही म्हणा. बिब्ब्याचे नाव त्यात उगाच गोवू नका.