अजून ठरलं नाही? मग कॉलेज असं निवडा!

बारावीचा निकाल लागला की जुन्नर-आंबेगावात एकच प्रश्न सगळीकडे भेटतो. नारायणगावच्या एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, शेजारच्या ओट्यावर. ‘मग, पुढे काय घेणार?’ ज्यांचं इंजिनीअरिंग किंवा फार्मसी ठरलेलं असतं, ते पटकन सांगून मोकळे होतात. पंचाईत होते ती ‘अजून ठरलं नाही’ म्हणणाऱ्यांची. मामा एक सुचवतो, क्लासचे सर दुसरं, पुण्यातली चुलतबहीण तिसरंच. शेवटी फॉर्म कुठे भरला जातो? तर मैत्रिणीने भरला तिथे!

ही गंमत महागात पडू शकते. चुकलेला प्रवेश म्हणजे वर्षाची फी, पुण्यातल्या कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचे पैसे. ज्या घरात टोमॅटोच्या भावावर वर्षाचं गणित ठरतं, तिथे ‘आवडलं नाही, सोडतो’ असं म्हणणं सोपं नसतं. म्हणून पोरं न आवडणारा विषय तीन-चार वर्षं ओढत राहतात.

पण अठराव्या वर्षी विषय ठरलेला नसणं हा खरंच दोष आहे का? आपल्याच खोडदचं उदाहरण घेऊ.

खोडदच्या माळावर दिसणाऱ्या त्या अजस्र डिश म्हणजे ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ मधल्या भागात एकमेकींजवळ आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’च्या आकारात दूरवर पसरलेल्या. ही दुर्बीण ज्यांच्या कल्पनेतून उभी राहिली, त्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी अलाहाबाद विद्यापीठातून १९५० मध्ये भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं. रेडिओ खगोलशास्त्र ही शाखा तेव्हा जगातच नवी होती. ‘मी हेच घेणार’ असं ठरवून प्रवेश घ्यावा, असा तो विषयच नव्हता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत त्यांनी सुरुवातीला वेगळ्याच विषयावर काम केलं. प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन १९५२ मध्ये सिडनीच्या एका परिषदेला गेले आणि तिथलं रेडिओ खगोलशास्त्राचं काम पाहून भारावून आले. पुढच्याच वर्षी स्वरूप ऑस्ट्रेलियाला शिकायला गेले आणि त्यांना त्यांचा विषय सापडला.

स्वरूप यांना १९६३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणणारे डॉ. होमी भाभा यांचीही गोष्ट अशीच. घरच्यांच्या इच्छेनुसार ते केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकायला गेले. तिथे गेल्यावर कळलं की मन भौतिकशास्त्रात आहे. त्यांनी वडिलांना तसं कळवलं. वडिलांनी अट घातली, आधी इंजिनीअरिंगमध्ये फर्स्ट क्लास मिळव, मग हवं ते शिक. भाभांनी १९३० मध्ये ती अट पूर्ण केली आणि मग वाट बदलली.

याचा अर्थ ‘काहीही घ्या, पुढे होईल नीट’ असा नाही. दोघांनीही हातातलं शिक्षण नीट पूर्ण केलं. आणि दोघंही अशा ठिकाणी होते, जिथे नवा विषय भेटू शकत होता आणि वळायला जागा होती. विषय ठरला नसेल तर कॉलेज निवडताना हीच जागा शोधायची. त्यासाठी चार प्रश्न विचारा.

विषय कधीपर्यंत ठरवता येईल? नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांमध्येही मेजर-मायनरची पद्धत आली. बी.ए., बी.एस्सी.सारख्या पदवीला पहिल्या वर्षी काही विषय शिकून मग त्यातला मेजर ठरवता येतो. पण कोणते विषय एकत्र घ्यायचे, हे कॉलेजात काय उपलब्ध आहे यावर ठरतं. म्हणून माहितीपत्रकातली ती जोड्यांची यादी आधी बघा. उलट, पदवीच्या नावातच एक विषय असेल तर तो निर्णय तुम्ही पहिल्याच दिवशी घेतलेला असतो. इंजिनीअरिंगला पहिल्या वर्षाचे बरेच विषय सगळ्या शाखांना सारखे असतात. काही कॉलेजांत त्यानंतर गुण आणि रिकाम्या जागा पाहून शाखा बदलून मिळते. ते आधीच विचारा. पुण्याच्या ‘आयसर’मध्येही पाच वर्षांच्या बीएस-एमएसला सुरुवातीला गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र असं सगळंच शिकवतात. मात्र तिथे स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे.

शेवटच्या वर्षाला ‘स्पेशल’ कशाला आहे? पहिल्या वर्षाला सहा विषय आणि तिसऱ्या वर्षाला स्पेशल दोनच, असं छोट्या कॉलेजांत होऊ शकतं. मग आवडलेल्या विषयासाठी कॉलेजच बदलावं लागतं. ऑफिसात नाही, तिसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा. प्रॅक्टिकल खरंच होतात का, लायब्ररीत बसू देतात का, सर भेटतात का, हेही तेच सांगतील.

एकूण खर्च किती? फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. ज्या कुटुंबांचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यातल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी राज्य सरकारने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केली आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण फी माफ आहे एवढ्यासाठी आवड नसलेल्या शाखेत जाऊ नका. आणि खोली-मेसचा खर्च वेगळा धरा. नारायणगाव, जुन्नर, मंचरच्या कॉलेजात घरून ये-जा करून पहिली पदवी घ्यायची आणि वाचलेल्या पैशांतून पुढचं शिक्षण पुण्यात करायचं, हा हिशेब मुळीच कमीपणाचा नाही. पुण्यातच जायचं असेल तर ‘कमवा व शिका’ योजना कॉलेजात चालते का, तेही विचारा.

बदललं तर काय हाती राहील? नव्या पद्धतीत मिळवलेली क्रेडिट्स तुमच्या नावावर जमा राहतात. अटी पूर्ण केल्या तर एका वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन थांबता येतं. म्हणून ठरलं नसलं तरी अभ्यास टाकायचा नाही. गुण चांगले असतील तर वळण घेता येतं, एटीकेटी लागलेल्या पोराला कुणी शाखा बदलून देत नाही.

शेवटचं काम सगळ्यात सोपं. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण लोकांना पाहता येते. शाळेत असताना तुमच्यापैकी अनेक जण तिथे प्रयोग मांडून आले असतील. आता पुन्हा जा, पण फोटोपुरते नको. तिथे काम करणाऱ्यांना विचारा, ‘तुम्ही कॉलेजात काय शिकला होता?’ डिशची तारांची जाळी वाऱ्यात टिकायला मेकॅनिकल लागतं, पाया घालायला सिव्हिल. क्षीण रेडिओ लहरी टिपायला इलेक्ट्रॉनिक्स, तीसही डिशचे संदेश एकत्र करायला संगणक आणि गणित, त्यांचा अर्थ लावायला भौतिकशास्त्र. दुर्बीण एकच, पण तिथे पोचायच्या वाटा किती!

आणि मामाने पुन्हा विचारलं, ‘काय घेणार?’ तर खुशाल सांगा, ‘विषय अजून ठरला नाही मामा. पण तो ठरवायला वेळ देणारं कॉलेज ठरलंय!’