समुद्रकाठचे भोजन आणि पर्यटन : बार्बाडोसमधील ऑइस्टिन्सच्या संदर्भात

प्रस्तावना

पर्यटनस्थळांचा विचार करताना निसर्गदृश्ये, वास्तू व निवासव्यवस्था यांची चर्चा विपुल होते. पर्यटकाच्या ताटात काय वाढले जाते आणि ते कोठून येते, याचा विचार मात्र अभावानेच केला जातो. कॅरिबियन समुद्राच्या पूर्व टोकाला असलेल्या बार्बाडोस या बेटाच्या उदाहरणावरून या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

सुमारे ४३० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे हे बेट १९६६ मध्ये स्वतंत्र झाले व २०२१ मध्ये प्रजासत्ताक बनले. उसाच्या मळ्यांवर उभी राहिलेली त्याची अर्थव्यवस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पर्यटनाकडे वळली. १९८१ मध्ये खुली झालेली हॅरिसन्स केव्ह ही चुनखडकातील गुहा, पूर्व किनाऱ्यावरील बाथशीबाच्या उसळत्या लाटा, २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले ब्रिजटाऊन व तेथील गॅरिसन ही प्रेक्षणीय स्थळे कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडतात. त्यांचे वर्णन येथे करण्याचे प्रयोजन नाही.

ऑइस्टिन्स : मासळीबाजार आणि भोजनस्थळ

दक्षिण किनाऱ्यावरील ऑइस्टिन्स हे गाव इतिहासाला अपरिचित नाही. इंग्लंडमधील यादवी युद्धानंतर बेटावरील राजनिष्ठ पक्षाने पार्लमेंटच्या आरमारापुढे माघार घेऊन १६५२ मध्ये जो करार केला, तो याच गावी झाला. आज मात्र हे गाव ओळखले जाते ते शुक्रवारच्या रात्रीसाठी. मासळीबाजारालगतच्या लहान लहान टपऱ्यांतून मासे भाजले व तळले जातात, लाकडी बाकांवर पर्यटक व स्थानिक कुटुंबे शेजारी शेजारी बसतात, एका बाजूला संगीत चालते, तर दुसऱ्या बाजूला वयस्क मंडळी डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटत असतात.

ताटातील पदार्थही पाहण्यासारखे आहेत. ट्यूना, मार्लिन आणि 'डॉल्फिन' हे मासे प्रामुख्याने मिळतात. येथील डॉल्फिन म्हणजे सस्तन प्राणी नव्हे, तर माही-माही या नावानेही ओळखला जाणारा मासा होय. नवख्या पर्यटकाचा येथे हमखास गोंधळ उडतो. सोबत मॅकरोनी पाय, भात व कडधान्य, तळलेली केळी आणि मोहरीयुक्त पिवळी झणझणीत चटणी असते. राष्ट्रीय पदार्थाचा मान मात्र उडणारा मासा व 'कू-कू' यांच्या जोडीला आहे. कू-कू म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून लाकडी दांड्याने घोटलेली घट्ट उकड. उडणाऱ्या माशाचे काटे सुरीने अलगद काढून हिरव्या पाल्याचे वाटण भरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने स्त्रिया करीत आल्या आहेत. पर्यटकाला जी मौज वाटते, ती मुळात या लोकांची रोजची उपजीविका आहे, हे विसरता कामा नये.

उडणाऱ्या माशाचा प्रश्न

बार्बाडोसच्या एक डॉलरच्या नाण्यावर विराजमान झालेला हा मासा (हिरुंडिक्थिस अफिनिस) जेमतेम वर्षभर जगतो. त्यामुळे एखाद्या वर्षी प्रजनन बिघडले, तर पुढील हंगामच कोरडा जातो. साधारणतः डिसेंबर ते जून हा त्याचा हंगाम. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूंना तो अंडी चिकटवितो. या सवयीचा लाभ घेऊन मच्छीमार झावळ्या किंवा उसाचे पाचट पाण्यावर सोडतात व जमणारा मासा जाळ्यात पकडतात. बर्फ साठविणाऱ्या मोठ्या नौका आल्यानंतर मच्छीमार अनेक दिवसांच्या फेऱ्या करू लागले आणि माशामागे दक्षिणेस टोबॅगोपर्यंत पोहोचले.

येथेच दोन शेजारी राष्ट्रांत वाद उत्पन्न झाला. टोबॅगोनजीक बार्बाडोसच्या मच्छीमारांना अटक झाल्यानंतर २००४ मध्ये प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले. ११ एप्रिल २००६ च्या निवाड्यात सागरी सीमा निश्चित करण्यात आली. परंतु त्रिनिदाद व टोबॅगोच्या क्षेत्रात मासेमारीचा हक्क देण्याचा अधिकार आपणास नाही, असे लवादाने स्पष्ट केले व उभय राष्ट्रांनी सद्भावनेने वाटाघाटी कराव्यात असे सुचविले. मासा सीमा जाणत नाही, मच्छीमाराला मात्र ती पाळावी लागते.

दुसरे संकट २०११ पासून आले. सारगॅसम या तरंगत्या शैवालाचे प्रचंड थर पश्चिम आफ्रिका व ब्राझील यांमधील उष्ण कटिबंधीय अटलांटिकमधून वाहत येऊ लागले. किनाऱ्यावर ते कुजते, तेव्हा दुर्गंधीयुक्त वायू सुटतो आणि पर्यटक पाठ फिरवितात, हे सर्वांच्या लक्षात आले. समुद्रावर झालेला परिणाम तितकासा चर्चिला गेला नाही. सर्वत्रच तरंगता आधार उपलब्ध झाल्यावर मच्छीमाराच्या पाचटाकडे मासा कशाला येईल? शिवाय जाळी शैवालात अडकतात ती निराळीच. उडणारा मासा मिळेनासा झाला की टपरीवाले अन्य माशांवर भागवितात. पर्यटकाला फरक जाणवतोच असे नाही.

सांडपाणी, कासवे आणि किनाऱ्याची वाट

बेटाचा बहुतांश भाग सच्छिद्र प्रवाळ-चुनखडकाचा आहे. जमिनीवर सोडलेले पाणी झिरपत भूजलात व पुढे समुद्रात उतरते. २०१७ व २०१८ मध्ये दक्षिण किनाऱ्यावरील सांडपाणी यंत्रणा कोलमडून मैलापाणी रस्त्यांवर आले, तेव्हा त्याची झळ तेथील उपाहारगृहांनाही बसली. ज्या समुद्राच्या दर्शनासाठी ग्राहक जादा दाम मोजतो, त्या समुद्राची निगा हा उपाहारगृहाच्या भांडवलाचाच भाग असतो. परंतु हिशेबाच्या वहीत त्याची नोंद नसते.

कासवांच्या बाबतीत चित्र काहीसे आशादायक आहे. १९९८ मध्ये त्यांच्या शिकारीवर पूर्ण बंदी आल्यावर कासवांसोबत पोहणे हे मोठे आकर्षण ठरले. मात्र पर्यटकांना जवळून दर्शन घडावे म्हणून नौकाचालक कासवांना माशांचे तुकडे चारतात. प्रौढ हिरवे कासव हे मुख्यतः समुद्री गवतावर जगणारे आहे, ही बाब येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

बार्बाडोसमधील सर्व समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत. तथापि पश्चिम किनाऱ्यावर आलिशान हॉटेले व बंगले यांची इतकी दाटी आहे की रस्त्यावरून समुद्र दिसणेही अनेक ठिकाणी दुरापास्त होते. किनारा सर्वांचा, पण तेथवर जाणारी वाट खासगी भिंतींमधून शोधावी लागते. ऑइस्टिन्सचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते : तेथे प्रवेशद्वार नाही, आणि मासे विकत न घेताही बाकावर बसता येते.

२०२४ चे वादळ

२९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर भारतीय संघाने ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला व लगोलग आलेल्या बेरिल चक्रीवादळामुळे संघ काही दिवस बेटावरच अडकून पडला. ही वार्ता आपल्याकडे घरोघरी पोहोचली. त्याच वादळाच्या लाटांनी १ जुलै रोजी ब्रिजटाऊनच्या मासेमारी बंदरात आश्रयाला बांधलेल्या अनेक नौका एकमेकींवर आदळून फुटल्या व बुडाल्या, याची दखल येथे फारशी घेतली गेली नाही. हॉटेलांची इमारत बव्हंशी शाबूत राहिली. त्यांच्या स्वयंपाकघरांना मासळी पुरविणाऱ्या मच्छीमारांना मात्र नौका दुरुस्त होईपर्यंत समुद्राकडे बघत किनाऱ्यावर बसावे लागले.