पाण्याचा नमुना: कुठला, कसा?

कन्नड तालुक्यातल्या बेसाल्ट खडकात पाणी भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते. म्हणून विहिरीचा अहवाल शेजारच्या बोअरला लागू होईलच असे नाही.

• उघडी विहीर: वजन बांधलेली बाटली पृष्ठभागाखाली सोडा. स्वस्त पद्धत, पण साचलेले पाणी येऊ शकते.

• बोअर: आत साचलेल्या पाण्याच्या साधारण तिप्पट उपसा करून मगच नमुना भरा. खडकातले ताजे पाणी मिळते. मात्र वेगवेगळ्या भेगांचे मिसळलेले.

• मंद उपसा: गढूळपणा कमी, धातूंच्या तपासणीसाठी उत्तम, वेळखाऊ.

• जिवाणू तपासणी: निर्जंतुक बाटली बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवा.

• पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा: लिटरमागे 45 मिलिग्रॅम.

• तुलनेसाठी: पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, त्याच जागी, त्याच पद्धतीने नमुना घ्या.