काळ्या रानातील स्फुरदाची खाण

ज्या खनिजात धातूचे प्रमाण इतके अल्प असते की त्यासाठी भट्टी पेटवण्याचा खर्चही भरून येत नाही, अशा हलक्या प्रतीच्या खनिजातून जिवाणूंकरवी धातू विरघळवून घेण्याच्या पद्धतीला जैवनिक्षालन म्हणतात. अमेरिकेतील कोळसा खाणींच्या आम्लयुक्त पाण्यात १९४७ मध्ये आढळलेले जिवाणू लोह आणि गंधक यांच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवतात आणि त्या ओघात तयार होणारे फेरिक लोह व गंधकाम्ल तांब्याचे सल्फाइड विरघळवतात.

बेसाल्टवर वसलेल्या परभणी जिल्ह्यात तांब्याची खाण नसली, तरी हेच तत्त्व तेथे स्फुरदाच्या, म्हणजे फॉस्फरसच्या, बाबतीत लागू पडते. खतातून दिलेला स्फुरद चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कॅल्शियमशी बांधला जातो आणि रॉक फॉस्फेटप्रमाणेच मुळांना दुष्प्राप्य होतो. म्हणजे खत घालूनही रान हलक्या प्रतीचे खनिजच ठरते. कारखाना गंधकाम्ल ओतून रॉक फॉस्फेटचे सुपर फॉस्फेट करतो, तर बॅसिलस आणि स्युडोमोनास या वंशांतील काही जिवाणू ग्लुकोनिकसारखी सेंद्रिय आम्ले स्रवून तीच क्रिया सावकाश घडवतात. प्रयोगशाळेत ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिसळलेल्या दुधाळ माध्यमावर हे जिवाणू वाढवले, की प्रत्येक वसाहतीभोवती पारदर्शक कडे उमटते, कारण तेवढ्या भागातील फॉस्फेट विरघळलेले असते.

१९७२ मध्ये परभणीत स्थापन झालेल्या, आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अशी जिवाणू खते तयार होतात. पेरणीपूर्वी दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे खत, गुळाच्या थंड द्रावणातून हलक्या हाताने चोळून बियाणे सावलीत सुकवतात; बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावतात.

तथापि खाण आणि शेत यांत एक मूलभूत भेद आहे. खाणीच्या ढिगात आम्ल साचत जाते आणि जिवाणूंचे काम सोपे होते, तर काळ्या रानातील चुना तेच आम्ल निष्प्रभ करतो. त्यामुळे काचेच्या बशीत उमटलेले कडे शेतात तितकेच रुंद असेल असे नव्हे. शिवाय तांब्याच्या खाणीतील जिवाणूंचे अन्न खनिजातच असते, तर शेतातील जिवाणूंना आम्ल तयार करण्यासाठी सेंद्रिय कर्ब लागतो; म्हणून शेणखत आणि ओलावा यांवाचून केवळ जिवाणू खताच्या पाकिटावर भिस्त ठेवणे म्हणजे मजूर खाणीत उतरवून त्यांना उपाशी ठेवण्यासारखेच होय.