कुलूप एक, वाटा दोन

दौंड–मनमाड हा नगरवरून जाणारा लोहमार्ग बरीच वर्षे एकेरी होता. एकेरी मार्गांची जुनी रीत आपण वर्गात सांगू शकतो : टोकनचा गोळा हाती आल्याशिवाय चालक गाडी हलवीत नसे. संगणकांच्या जाळ्यातही सामायिक फाइलीत लिहिण्याचे 'कुलूप' एका वेळी एकालाच मिळते.

कुलपाचे निरोप नेण्याच्या वाटा दोन. यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड : झटपट, पण पोच नाही. टीसीपी पोच घेते, हरवलेले पुन्हा पाठवते. लिनक्सच्या गाभ्यातील 'लॉकडी' ही कुलूपसेवा दोन्ही वाटांवर कान ठेवू शकते. कारण वाट मागणारा निवडतो.

मात्र कुलूप देणारा संगणकच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर टीसीपीही अपुरी पडते. म्हणून तो काही वेळ नवे कुलूप देत नाही. आधी ज्यांच्याकडे होते, त्यांना हक्क सांगू देतो.